नुसती साथ

कोबेतल्या एका बारमध्ये कुवाबारा गाणाऱ्या गिऱ्हाइकांना अकॉर्डियनवर साथ करायचा. पोलादाचे व्यापारी हिरोसे मित्रांबरोबर सहलीला निघाले, तेव्हा तिथं गाता यावं म्हणून त्याने त्यांच्या आवडत्या गाण्याची साथ टेपवर भरून दिली. पुढे वर्षभरात हिरोसे वारले. एका दुपारी त्यांची बायको फुमिए ती टेप घेऊन आली.

"एकदा लावता का?"

"वहिनी, यात त्यांचा आवाज नाही हो. नुसतं माझं वाजवणं आहे."

"ठाऊक आहे मला. लावा तुम्ही."

दुसऱ्या कडव्यात अकॉर्डियन मध्येच थांबलं आणि जरा वेळाने पुन्हा सुरू झालं.

"इथं त्यांना धाप लागायची," फुमिए म्हणाली. "तेवढंच परत लावा."