पेशींचा सांगावा

दुर्बिणीची नळी सत्यभामाच्या पोटातून बाहेर आली आणि डॉक्टर रुचिताचा चेहरा उतरला. तीन महिने औषध चालू होतं, तरी जठरातली जखम तेवढीच्या तेवढी. वर आता कडेनं रक्त झिरपत होतं.

"पुडी नक्की बंद आहे ना?" तिनं विचारलं.

सत्यभामाचा घसा बधिर होता. उत्तर नवऱ्यानं, परसरामनं दिलं. एरवीही तिच्या वाटचं तोच बोलायचा. "तिच्या हाताले पुडी लागू देत नाही मी, मॅडम!"

सारी भानगड त्या पुडीची. बाजारात एक जण ती गुडघेदुखीवर, झाडपाल्याची म्हणून विकायचा, आत असायचं स्टेरॉईड. सिहोऱ्याच्या बांध्यांमध्ये दिवसभर चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बायका ती खाऊन सकाळी टुणकन उठायच्या. पोटाची राख होतेय, हे कोण सांगणार? डॉक्टरनं गोळ्या देऊन सत्यभामाची पुडी हळूहळू सोडवली होती.

"परसरामजी, जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. घाण साफ करतात आणि बाकीच्यांना सांगावा धाडतात, की या, इथं भरायचं आहे. स्टेरॉईड तो सांगावाच दाबून टाकतं. मग जखम उघडीच राहते." तिनं सत्यभामाकडे पाहिलं. "गुडघे कसे आहेत?"

"एकदम बेस!" परसराम खुलला. "परवा उकिडवी बसून सारं आंगण सारवलं तिनं."

डॉक्टरचा पेन थांबला. पुडी सुटली असती तर गुडघे ठणकायला हवे होते. ती परसरामकडे बघत राहिली.

"रोज कण्हत होती, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "मले पाहवत नोहोतं. तुमी पेज द्या म्हणलं, तं पेज मीच शिजवतो. त्यातच पुडी कालवत होतो. तिले काही मालूम नाही."

काय बोलावं अशा माणसाला! डॉक्टरनं नागपूरला न्यायला गाडी बोलावली. रक्त निम्म्यावर आलं होतं. ऑपरेशन केलं तरी बाई वाचेलच, असं ती सांगू शकत नव्हती. तिनं ते तोंडावरच सांगितलं. परसराम खाटेचा दांडा धरून ढसाढसा रडायला लागला.

"रडू नोका," सत्यभामा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पयल्याच दिवशी पेज कडू लागली होती मले. समजलं होतं."

"मंग खाल्ली काहून तू?"

तिनं पदरानं ओठ पुसले.

"बत्तीस वर्साच्या संसारात पयल्यांदा तुमी माह्यासाठी चूल पेटवली होती."