नगरपालिकेचा आवाज

एक्वादोरच्या त्या बंदरगावात वर्षअखेरीला जुन्या वर्षाचा पुतळा बडवून जाळतात. साथीमुळे यंदा त्यालाही बंदी होती. दुपारी नगरपालिकेची गाडी भोंगा लावून गल्लीत शिरली.

"नागरिकांनी पुतळे जाळू नयेत. घरातच थांबावं."

वर्षभर ऐकलेला तोच पुरुषाचा आवाज होता. त्यानंच सांगितलं होतं, इस्पितळात येऊ नका, घरातच थांबा. त्याच गल्लीतल्या एदेल्मीराची आई थांबली आणि श्वास कोंडून घरातच गेली.

म्हणून एदेल्मीराच्या धाकट्या भावानं, विल्फ्रिदोनं, यंदाचा पुतळा त्या आवाजाचाच केला होता. भुशानं भरलेलं पोट, गळ्यात पुठ्ठ्याचा भोंगा. परसात बहिणीसमोर उभा करून त्यानं पुतळ्याच्या बरगडीत दांडा हाणला.

"नागरिकांनी... आई गं!" गल्लीतला भोंगा कळवळला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. विल्फ्रिदोनं पुन्हा हाणला. भोंगा पुन्हा ओरडला.

"ताई, लागतंय बघ भडव्याला!" तो हसत सुटला आणि तोंड, गुडघे, पाठ, दिसेल तिथं बडवू लागला.

"पुरे रे, मरेल तो!" एदेल्मीरानं दांडा धरला.

भोंगा धापा टाकत होता. मग रडत रडत म्हणाला, "घरातच... थांबावं."

एदेल्मीरानं दांडा सोडला. भावाच्या खिशातून काडेपेटी काढली, पुतळ्यावर रॉकेल ओतलं आणि काडी ओढली.

भुसा भडकला. गल्लीतला भोंगा एकदम गप्प झाला.

किंकाळी परसातल्या जळत्या पुतळ्यातून आली.