तलफ

कपाळाच्या डाव्या बाजूला मशीन टकटक करू लागली आणि यशवंतरावांनी डोळे मिटले. हातात न पेटवलेली सिगारेट होती. ती हुंगा, तलफ उठू द्या, मग चुंबकाचे झटके तिचा जोर मोडतील, असं नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. त्रास नव्हता. कोणी बोटानं टिचक्या माराव्यात तसं वाटायचं.

खालच्या मजल्यावर त्यांचा कुणाल डायलिसिसला पडलेला असे. पोराच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. त्याच्या आईला, विजयमालाबाईंना, साखरेचा आजार, म्हणून किडनी बापाचीच घ्यायची ठरली. जुळलीही. पण आधी सिगारेट सुटली पाहिजे, त्याशिवाय ऑपरेशन नाही, असं सर्जननं स्पष्टच सांगितलं.

यशवंतराव तरुणपणापासून ओढत आले होते. पोरासाठी त्यांनी जामसांवलीच्या मारुतीपुढे शपथ घेतली आणि सौंसरच्या बसस्टँडवर मोडली. गोळ्या झाल्या, च्युइंगम झालं. एकदा संत्र्याच्या बगीच्यात लपून ओढताना कुणालनंच पाहिलं. तो नुसता माघारी फिरला. ते त्यांच्या जिवाला लागलं. मग ही मशीन.

बापलेक पांढुर्ण्याहून सोबतच गाडीनं जायचे. हळूहळू फरक पडला. एक दिवस स्टेशनवर बाजूचा माणूस ओढत होता आणि यशवंतराव आपले संत्र्याच्या मृगबहाराच्या गोष्टी करत राहिले. कुणाल हसला. म्हणाला, "बाबा, धूर तुमच्याकडेच येऊन राहिला न. तुमाले समजलंच नाही."

ऑपरेशनची तारीख मिळाली. त्याआधीच कुणालला इन्फेक्शन झालं आणि तो गेला.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. यशवंतराव ओसरीवर बसून असत. रडत नव्हते, धड जेवत नव्हते. विजयमालाबाईंनी जन्मभर त्यांची पाकिटं चुलीत घातली होती. एक दिवस त्यांनीच दुकानातून सिगारेट मागवली आणि माचिससकट नवऱ्यापुढे ठेवली.

"ओढा," त्या म्हणाल्या. "आता कोणासाठी थांबता?"

त्यांनी सिगारेट उचलली, पेटवली, ओठांपर्यंत नेली. मग तशीच खाली ठेवली.

"मनच होऊन नाही राहिलं," ते म्हणाले. "मी पुरा बरा झालो."