राखेतला हात

१९३४ च्या हिवाळ्यात जंगलखात्यातले नाकेदार रुपराव बायकोला, गोपिकेला, सोबत घेऊन नागपूरहून उमरेडच्या जंगलात दौऱ्यावर निघाले. मुक्काम हलवताना चूल विझवायचं काम गोपिका कोणावर सोडत नसे. पाणी ओतून ती राखेवर डावा पंजा दाबायची. गरम लागली, तर पुन्हा पाणी.

"आग लागली तं रानातले मोर कुठं जातीन जी?" ती म्हणायची. रुपराव हसायचे आणि तिचं होईस्तोवर थांबायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते नव्या मुक्कामावर पोचले. तिथं तीन दगडांची जुनी चूल होती. ओल्या राखेत डाव्या पंजाचा ठसा होता, करंगळी वाकडी असलेला. गोपिकेची करंगळी तशीच होती.

"तू कधी आली होती वं इथं?"

"नाई जी. मी तं पहिल्यांदाच येऊन राहिली."

तिनं ठशावर पंजा ठेवला. तो तंतोतंत बसला. मग ती खाली वाकली. शेजारी आणखी एक ठसा होता, दीड वर्षाच्या लेकराचा असावा एवढासा. त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

रुपरावांनी त्या लहान ठशाला बोट लावलं. राख कोमट होती. सवयीनं त्यांनी पाण्याची घागर उचलली. गोपिकेनं त्यांचं मनगट धरलं.

"नका टाकू जी. आपोआप थंडी होऊ द्या."

त्यांनी घागर ठेवली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले. मोठा ठसा केव्हाच गार पडला होता. लहान ठसा मात्र जिवंत तळहाताइतका उबदार होता.