माशीचं कूळ

उसातल्या अळ्यांना चिकटलेल्या पांढऱ्या कोषांतून बारीक गांधीलमाश्या निघाल्या, तेव्हा कीटकशास्त्र शिकलेल्या तेजश्रीला वाटलं, अळीचा काळ सापडला. तिनं न्हावरे गावच्या हौसरावमामांना डबे भरून माश्या दिल्या आणि खात्रीसाठी चार पुण्याच्या प्रयोगशाळेत धाडल्या.

आज डीएनएचा अहवाल आला. माशीचं कूळच निराळं निघालं. ती अळीला शिवतसुद्धा नाही. अळी मारणाऱ्या माशीलाच कोषात आतून खाऊन ती बाहेर पडते.

तेजश्रीनं उभ्या उभ्याच फोन लावला. "मामा, ते डबे उघडू नका!"

"अगं पोरी, कवाच उघडले. शिवारभर सोडल्या," मामा कौतुकानं म्हणाले.

मामा पुढं बोलतच होते, "आन् तुझ्या शब्दावर अख्ख्या गावानं फवारणी बंद केलीय."