मावशींचा धीर

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर तनुजा सिंधूच्या रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होती. भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड पार उतरला होता, रक्तातलं आम्ल घटलं होतं. फुप्फुसं मात्र ठणठणीत. मग बाईला धाप लागतेय कशानं?

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. निलंग्याहून भेटायला आलेल्या नागाबाई मावशी सिंधूला समजावत होत्या. "भिऊ नको गं. आमच्या जावेला बी अस्संच झालतं."

"मग?"

"गेली. पण लई हाल न्हाई झाले तिचे."

तनुजानं मावशींना बाहेर बसवलं. तासाभरात सिंधूचा श्वास ताळ्यावर आला, रिपोर्टही.

इतक्यात सिस्टर आली. "मॅडम, बाहेर बाकड्यावरच्या आजोबांना धाप लागलीय. मावशी त्यांना धीर देऊ लागल्यात."