हौदावरचा फेस

चारुदत्तचं डोकं सकाळीच फिरलं. हौदावर झुकलेल्या रातांब्याच्या फांदीला पांढरा फेस लोंबत होता. "वासंती, कपडे धुतेस की झाडं?" बायकोचं ऐकून न घेता त्याने पाइपने फेस धुऊन काढला. तिथेच एक हिरवागार, लाल बोटांचा बेडूक सापडला. असला जन्मात पाहिला नव्हता. बरणीत ठेवून मुंग्या, झुरळं घातली. तो ढुंकून बघेना. वाडीच्या ग्रुपवर फोटो टाकला; एकाने विषारी ठरवला, दुसऱ्याने मीठ टाकायला सांगितलं, तिसऱ्याने सुप्रभात पाठवलं. एकाला धड ठाऊक असेल तर शपथ! कुणीतरी फोटो पुढे पाठवला असावा; दुपारी चिपळूणच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांचा फोन आला. "झाडावरची बेडकी आहे. सापडली तिथेच सोडा. फेस दिसला तर हात लावू नका, त्यात अंडी असतात." चारुदत्त बरणी घेऊन हौदाकडे गेला; फांदी लख्ख धुतलेली होती. "सकाळपासून सांगत्ये," वासंती म्हणाली, "मी आज साबणाला हातही लावलेला नाही."